साक्षीदाराची ओळ

६ एप्रिल २०२२, बुधवार
टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन

प्रिय रोली,

'प्रिय' लिहावं की नुसतंच नाव, या विचारात एक कप कॉफी गार झाली. शेवटी लिहिलं आहे. आता पुढे वाच.

तू नदीच्या पलीकडे, मी अलीकडे. चालत निघाले तर चाळीस मिनिटांत सख्ख्या भावाचं दार येईल. हे पत्र मात्र आधी शंभर मैलांवर टपालाच्या वर्गवारीला जाणार, तिथून परत आपल्याच गावात येणार आणि दोन-तीन दिवसांनी तुझ्या पेटीत पडणार. साडेपाच वर्षांत मी तुझी पायरी चढलेली नाही आणि तू माझी, त्यामुळे मला हा वळसाच सोपा वाटतो.

कामाचं आधी सांगते. काल तुझं मत मोजलं गेलं नाही.

नगरपालिकेकडून तुला रीतसर पत्र येईलच. त्यात कलम असेल, पोटकलम असेल आणि शेवटी 'आपली विश्वासू' असेल. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. तिसऱ्या वॉर्डाच्या मतदान केंद्राची मुख्य म्हणून लिहिते म्हण, बहीण म्हणून म्हण, तुला हवं ते म्हण.

तुझं टपालाचं पाकीट वेळेत आलं होतं. पाठीवर तुझी सही होती. खाली साक्षीदाराची ओळ कोरी होती. सही नाही, नाव नाही, पत्ता नाही. घरी बसून मत देणाऱ्याच्या पाकिटावर एका माणसाने लिहून द्यावं लागतं की याने माझ्यासमोर मत दिलं. त्या सहीशिवाय पाकीट उघडताच येत नाही. मतदाराने रात्री आठच्या आत केंद्रावर येऊन चूक दुरुस्त केली तर ठीक. आठ वाजता मी दारात उभी राहून मतदान संपल्याचं मोठ्याने सांगते. त्यानंतर देव आला तरी काही करता येत नाही.

काल अशी तीन पाकिटं निघाली. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. कायद्याची सक्ती नाही, पण गेली चौदा वर्षं मी अशा प्रत्येकाला फोन करते. दोघी आल्या. एक तर अंगावर पीठ तसंच घेऊन, भट्टीत पाव ठेवून आली. तुलाही फोन केला होता. तू उचलला नाहीस.

वॉर्डाच्या नगरसेवकपदाचा निकाल तुझ्या कानावर आला असेल. कर्ट लिंडमानला दोनशे चौदा, तुझ्या दोस्ताला, ड्वेनला, दोनशे तेरा. एका महाभागाने दोघांनाही सोडून मोकळ्या जागेत आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं. म्हणजे जवळजवळ दोन हजार मतदारांतून चारशे अठ्ठावीस आले. शंभरातले बावीस! दर चार वर्षांनी नोव्हेंबरात हीच माणसं अंगणात आपापल्या पक्षाच्या लाल-निळ्या पाट्या रोवतात, शेजाऱ्याशी बोलणं टाकतात, पोरीच्या लग्नाला जात नाहीत. आणि एप्रिलमध्ये, जेव्हा बंद मिलच्या जागेवर गोदाम होऊ द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस निवडायचा असतो, तेव्हा यांना पावसाचा एक थेंबही सोसत नाही. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. या वॉर्डातल्या निम्म्या मतदारांना मीच शाळेत नेलेलं आहे. तेव्हाही ते कोपऱ्यावर वेळेत यायचे नाहीत.

कागदावर ही निवडणूक कुठल्याच पक्षाची नसते, आणि कर्ट कुणाचा, ड्वेन कुणाचा हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तू कुणाला मत दिलं होतंस ते मी सांगू शकत नाही, कारण पाकीट उघडलेलं नाही. ते तसंच बंद राहील आणि मुदत संपली की नष्ट होईल. मतं समान झाली असती तर दोन चिठ्ठ्या टोपीत टाकून एक उचलली असती. पण झाली नाहीत.

एवढंच कळवायचं होतं. गुडघा कसा आहे?

वर्ना


९ एप्रिल, शनिवार

रोली,

पहिलं पत्र आज तुला मिळेल. ते वाचशील तेव्हा हे वाटेत असेल. मला ते परत मागवायचं होतं. पोस्टातली मुलगी म्हणाली, पेटीत पडलं ते पडलं.

त्यात एक वाक्य खोटं आहे. ते कुठलं, हे तू ओळखलं असशील, कारण मंगळवारी तू घरातच होतास.

साडेचार वाजले होते. अग्निशमनाच्या दोन्ही गाड्या नेहमीप्रमाणे बाहेर काढलेल्या, आत आमची टेबलं. गर्दी कसली, माश्या मारत होतो. बर्नीस आठवते ना? चौदा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते, तुमच्या पक्षाने केंद्रावर नेमलेली. तिने घरून आणलेलं हॅम पावात घालून सगळ्यांना वाटायला घेतलं होतं. मी टपालाची पाकिटं घेतली. नाव मोठ्याने वाचायचं, यादीत खूण करायची, पाठ तपासायची. मी वाचलं, "रोलंड कॉस्मॅट्का," आणि पाकीट उलटलं.

"कुणाला फोन लावतेस?" बर्नीसने विचारलं.

"रोलीला."

तिने चमचा खाली ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागली. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईला काय सांगायचं आणि काय नाही, हे दोघींनाही कळतं. तुझा नंबर मला पाठ आहे, बाबांच्या घराचाच तर आहे. एक घंटी वाजली. पलीकडे तू खुर्चीतून उठत असशील, हातात काठी घेत असशील असं मला दिसलं, आणि मी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"उचलत नाही," मी म्हटलं.

एकदा तोंडातून गेलं, मग लिहावंच लागलं. केंद्राच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे: 'तिघांना कळवण्याचा प्रयत्न केला. एकाकडून उत्तर नाही.' त्यानंतर आठ वाजेपर्यंत साडेतीन तास होते. तुझी गाडी सात मिनिटांत आली असती. मी पाच वेळा फोनकडे पाहिलं. एक वेळ अशी आली की कुणीतरी मत द्यायला यावं आणि मला कामाला लावावं असं वाटत होतं. तर एक जण आला आणि प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारून गेला.

मी असं का केलं, हे तुला समजावून सांगायची माझी लायकी राहिलेली नाही. तरी सांगते.

बाबांच्या मातीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये सगळे जेवत होते. तू उभा राहिलास आणि म्हणालास, बाबा शेवटच्या श्वासापर्यंत युनियनचे होते, आपल्या बाजूचे होते. वृद्धाश्रमात त्यांचं शेवटचं मत मी भरून दिलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, मी नावं वाचली, त्यांनी सांगितली, मी गोल काळे केले. या खेपेला त्यांनी दुसऱ्या बाजूचं नाव सांगितलं होतं. ते मी गिळून बसायला हवं होतं. पण तू इतक्या ऐटीत बोललास की माझ्याच्याने राहवेना, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "शेवटचं मत त्यांनी कुणाला दिलं ते मला विचार." मी स्वतः त्या बाजूला झुकलेली आहे, हे तुला कळून वर्ष झालं होतं. तू चाळीस माणसांसमोर म्हणालास, "तू म्हाताऱ्याचं मत चोरलंस."

निवडणुकीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला हे म्हणणं म्हणजे काय, हे तुला माहीत होतं. त्यानंतर तू केंद्रावर यायचा बंद झालास आणि टपालाने मत द्यायला लागलास, म्हणजे तुझा कागद माझ्या हातून घ्यायला नको. दर वेळी तुझं पाकीट माझ्याच हातात यायचं, ही गंमत तुझ्या लक्षात आली की नाही कोण जाणे. दर वेळी साक्षीदार म्हणून तुझ्या शेजारच्या ओरव्हिल स्टेन्झलची सही असायची, पावसात भिजलेल्या कोंबडीने पाय उमटवावेत तशी.

काल मला ते आठवलं आणि पाणी प्यायला उठावं लागलं. मंगळवारी सकाळी मीच मयतांची नावं यादीत तपासली होती. ओरव्हिलच्या नावावर लाल रेघ होती, जानेवारीची. मी ती पाहिली, पुढच्या नावाकडे गेले, आणि संध्याकाळी तुझी ओळ कोरी बघून मनात म्हटलं, हट्टी बैल, नियम मोडायची हौस दुसरं काय. सही करायला तुझ्याकडे माणूसच उरला नसेल, हे डोक्यात आलं नाही. सख्खी बहीण दोन मैलांवर असताना.

तेव्हा मी खरं बोलले होते, रोली, आणि तू मानलं नाहीस. आता मी खोटं लिहिलं आहे, आणि सगळ्या गावाने ते बिनबोभाट मानलं आहे.

सोमवारी मोजणी पक्की करायला नगरपालिकेचं निवडणूक मंडळ बसेल. तिथे नोंदवही वाचतात आणि काही दुरुस्ती आहे का असं विचारतात. चौदा वर्षांत कधीच नसते. मी बोलले तर तुझं मत काही परत येत नाही, कायदा कायदा आहे. फक्त माझी खुर्ची जाईल, आणि तू हॉलमध्ये म्हणालास ते खरंच होतं असं सगळे म्हणतील. याची मला जास्त भीती वाटते. खुर्चीचं एवढं नाही.

वर्ना


१३ एप्रिल, बुधवार

रोली,

पहिलं पत्र आज परत आलं. पाकीट जसंच्या तसं, वर तुझ्या अक्षरात 'पाठवणाऱ्याला परत'. दुसरंही येईल. तुझं पाकीट मी न उघडता बाजूला ठेवलं, माझं तू ठेवलंस. मला यावर बोलायला तोंड नाही.

तरी तिसरं लिहिते, कारण सोमवारी काय झालं ते तुला ड्वेन सांगेल, पण ड्वेन काहीही सांगताना स्वतःला वगळतो.

नगरपालिकेतल्या त्या छोट्या खोलीत मंडळाचे तिघे बसले होते, मध्ये गावाच्या निवडणुका सांभाळणाऱ्या क्लर्कबाई. समोर अकरा खुर्च्या, त्यातल्या सात रिकाम्या. म्हणजे मतदानापेक्षा हजेरी चांगलीच होती म्हणायची. कर्ट नवा शर्ट घालून आला होता. ड्वेन मागे टोपी मांडीवर ठेवून बसला होता. क्लर्कबाईंनी भराभर वाचलं: तीन पाकिटं सदोष, तिघांना कळवलं, दोन दुरुस्त, एकाकडून उत्तर नाही. दुरुस्ती आहे का कुणाची? त्यांनी उत्तराची वाट न पाहता पान उलटलंसुद्धा.

मी हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा वर केला आणि तो खाली घ्यायचा विसरले.

मी म्हटलं की तिसऱ्या माणसाला मी कळवलं नाही. एक घंटी वाजवून फोन ठेवला. उत्तर नाही असं मी लिहिलं ते खोटं आहे. तो माणूस माझा भाऊ आहे आणि त्याचं मत कुणाला असेल याचा मला अंदाज होता.

हे शेवटचं वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. दुसऱ्या पत्रातही मी ते तुला लिहिलं नव्हतं. तिथे मी बाबा आणले, हॉल आणला, तू केलेला अपमान आणला. ते सगळं खरंच होतं. पण साडेचार ते आठ हे साडेतीन तास नुसत्या अपमानावर निघत नाहीत. ड्वेनचं एक मत कमी झालं तर बरं, हेही त्यात होतं. चिमूटभर असेल, पण होतं. बोलून झाल्यावर मला कळलं की मी हे बोलले.

क्लर्कबाईंनी चष्मा काढला. "वर्ना, हे नोंदीत घ्यायचंय तुला? एकदा घेतलं की मला खोडता येणार नाही."

"घ्या," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. खोलीत पेनाचा आवाज येत होता. मग गळ्यातलं ओळखपत्र मागितलं. मी दिलं. निकाल तोच राहिला. कर्ट माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याची काही चूक नव्हती, पण आता जन्मभर लोक त्याला एका मताचा नगरसेवक म्हणणार.

ड्वेन बाहेर पार्किंगमध्ये थांबला होता. मला वाटलं आता माझी सालटी काढणार, आणि काढली असती तर मी उभी राहून काढू दिली असती.

"मी हरलो ते सोड," तो म्हणाला. "ओरव्हिल गेला. मी उमेदवार, उमेदवाराची सही साक्षीला चालत नाही. मी रोलीला म्हटलं, वर्नाकडे जा. दोन मैलांवर तर राहते. तो काय म्हणाला माहितीये?"

"काय?" मी विचारलं.

"म्हणाला, तिच्या हातात माझं मत देऊ? त्यापेक्षा ओळ कोरी जाऊ दे."

ड्वेनने टोपी घातली. त्याची बायको गेल्यापासून त्याच्या सगळ्या शर्टांचं एकेक बटण तुटलेलं असतं, त्या दिवशी गळ्याजवळचं होतं. तो म्हणाला, "मी त्याला म्हटलं होतं, वर्ना असं कधी करणार नाही. पैज लावली होती मी." मग गाडीत बसून गेला.

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या आहेत. बर्नीसने फोन करून एवढंच सांगितलं की हॅमचं भांडं माझ्याकडे राहिलंय. काल संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला माझ्या बाकावर दोघांची जागा मोकळी होती. गाव आहे हे, लोकांना एप्रिलमध्ये मत द्यायला वेळ नसतो, पण असल्या गोष्टींना हजेरी शंभर टक्के असते. तक्रार करत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही सरकून बसले असते.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण तू हे उघडणारच नाहीस तर उगाच मोठेपणा. पण उघडलंस, तर कर.

वर्ना


३० जुलै, शनिवार

प्रिय रोली,

तू काल येऊन गेलास आणि आज मी तुला पत्र लिहिते आहे. हसशील. पण काल मी फारसं बोलू शकले नाही.

पहिली दोन पत्रं परत आली. तिसरं आलं नाही. त्यावर मी मे काढला, जून काढला. रोज पेटी उघडायची, आत नसलं की बरं वाटायचं. पेटी रिकामी आहे म्हणून कुणाला बरं वाटल्याचं ऐकलंयस कधी?

तुझी गाडी दारात थांबली तेव्हा मी मागच्या अंगणात काकड्या तोडत होते. ड्वेन गाडी चालवत होता, तो उतरलाच नाही. तू उतरलास. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. छपराच्या पन्हाळी साफ करायला या वयात शिडीवर चढलास, हे मला ड्वेनने खिडकीतून ओरडून सांगितलं. तू त्याला गप्प बस म्हणालास. पावणेसहा वर्षांनी माझ्या अंगणात तुझा पहिला शब्द तो.

तू ओसरीवर बसलास. डाव्या हाताने काखेतलं मोठं पाकीट काढून टेबलावर ठेवलंस. ऑगस्टची मतपत्रिका. मी म्हटलं की आता तू केंद्रावर जाऊ शकतोस, मी तिथे नसते. तू म्हणालास, माहीत आहे. मी म्हटलं, ड्वेनने सही केली असती, या खेपेला तो उमेदवार नाही.

"तो भरूनपण देतो म्हणाला होता," तू म्हणालास. "नको म्हटलं मी."

मी काकड्या पुसत होते. पुसलेल्या पुन्हा पुसत होते.

"बाबा नक्की काय म्हणाले होते? शब्द सांग."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तूही नाही. मी खरं बोलते की खोटं, यावर सगळ्यांनी मत बनवलं, पण ते काय म्हणाले हे कुणाला ऐकायचं नव्हतं. मी सांगितलं तसं पुन्हा इथे लिहिते, म्हणजे कागदावर राहील. ते म्हणाले, "या खेपेला दुसरीकडे. मिल बंद झाली तेव्हा आपल्यातलं कोण आलं होतं? कळू दे त्यांना." मी विचारलं, नक्की ना? दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडले. म्हणाले, डोळे गेलेत, डोकं नाही गेलेलं. मी गोल काळा केला. आणि मग म्हणाले, "रोलीला सांगू नकोस. त्याला जेवण जाणार नाही."

हे शेवटचं मी आजवर लपवलं होतं. दुसऱ्या पत्रात, जे तू वाचलं नाहीस, तिथेही लपवलं. बाबांनी सांगू नकोस म्हटलेलं मी त्यांच्याच मातीच्या दिवशी, तुला खाली बघायला लावायला, भर हॉलमध्ये सांगितलं. तू मला चोर म्हणालास ते चूक होतं. पण मी काहीच चोरलं नाही असंही नव्हतं. म्हाताऱ्याने विश्वासाने माझ्याजवळ ठेवलेली गोष्ट मी तुझ्या तोंडावर फेकली.

"नसतंच गेलं जेवण," तू म्हणालास. एवढंच.

मग पाकीट माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालास, "वाच."

मी चष्मा आणला. मी पदाचं नाव वाचायचे, खालची नावं वाचायचे, तू एक सांगायचास, मी ते पुन्हा म्हणून दाखवायचे, तू हूं म्हटल्यावर मी गोल काळा करायचे. ऑगस्टमध्ये पक्षांचे नोव्हेंबरचे उमेदवार ठरतात, म्हणून मतपत्रिकेत एकाच पक्षाच्या रकान्यात मतं द्यावी लागतात, दोन्हीकडे दिली तर बाद. तुझा रकाना कुठला ते सांगायची गरज नाही. शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, पदाशी आल्यावर तू थांबलास.

"एकच नाव आहे," मी म्हटलं.

"तो मूर्ख आहे. सोड."

मला हसू आलं, कारण तो खरंच मूर्ख आहे. माझ्या बसमध्ये होता. मी ते गोल कोरं सोडलं आणि पुढचं पद वाचलं. मध्येच तू विचारलंस, कॉफी मिळेल का. मी म्हटलं, आधी हे संपव, नाहीतर कागदावर सांडशील. तू डाव्या हाताने नाक खाजवलंस आणि खुर्चीत सरळ होऊन बसलास. लहानपणी आईने दटावल्यावर असाच बसायचास.

कागद भरून झाला. त्यातलं एकही नाव माझ्या पसंतीचं नव्हतं, रोली. एकही नाही. सगळी तू सांगितलीस तशीच आहेत.

पाकिटावर तू डाव्या हाताने कशीबशी सही केलीस. मी मदत करणारी म्हणून एका ओळीवर सही केली आणि साक्षीदार म्हणून दुसऱ्या. खाली पत्ता लिहिला, रस्त्याचं नाव पूर्ण लिहिलं, कारण माझ्या जागी आता जी कुणी बसत असेल तिने ते शोधत बसायला नको. मग मी मतपत्रिका तुझ्यापुढे उघडी धरली. गोल वर, अक्षरं तुझ्या बाजूला. ड्वेन गाडीत रेडिओ लावून बसला होता, मॅचचा आवाज येत होता.

"बघून घे एकदा," मी म्हटलं.

"कशाला?" तू म्हणालास. तशीच घडी घालून ती पाकिटात सरकवलीस आणि डिंक जिभेने ओला केलास.

वर्ना